पाटलांची जीप घ्यायची की नाही

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. निम्मी घरं कोयते बांधून कारखान्यावर जातात, दारांना कुलपं लागतात, नाहीतर दारात एखादी म्हातारी आणि दोन शेळ्या राहतात. अशा दिवसांत माणसाला नाही ते सुचतं. आमच्या ह्यांना जीप सुचली.

जीप म्हणजे पाटलांची जीप. आमचे हे तिच्यावर चोवीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांना अजून गावात कोणी नावानं हाक मारत नाही, डायवरच म्हणतात, आणि मला डायवरीण. मी आयुष्यात बैलगाडीचा कासरासुद्धा नीट धरला नाही, पण डायवरीण आहे. जीप मिलिट्रीची, नगरच्या लिलावात घेतलेली, स्टेअरिंग डाव्या हाताला. तिचा हिरवा रंग घालवून पाटलांनी पांढरा दिला होता, पण हिरवा ठिकठिकाणी वर यायचा, केस काळे केलेल्या माणसाचे मुळाशी पांढरे दिसतात ना, त्याच्या उलट. इलेक्शनला झेंडे लावून ती डोंगरपट्ट्यातल्या ज्या वाड्यांवर जायची, तिथं दुसरं चाक जात नव्हतं.

पाटील जाऊन बारा वर्षं झाली. त्याच्या आधीच जीप बंद पडली होती. पाटलांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात उभी, वर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबड्या. आता धाकटे पाटील बीडला राहतात, इथलं हळूहळू मोकळं करतात. त्यांचा ह्यांना फोन आला. पुण्याचा एक माणूस आहे, जुन्या गाड्या घेतो, नीट करतो आणि लग्नाच्या वरातीला भाड्यानं देतो. त्यानं फोटो बघून मागणी घातली आहे. "पण काका, तुमी चोवीस वर्षं हाकली. तुमाला पायजे आसंल तर पयलं तुमाला. आठ दिवसांत सांगा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि हे माझ्याकडं बघत राहिले. फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं होतं.

पैशाचा प्रश्न नव्हता, ते आधीच सांगते. रस्ता रुंद झाला तेव्हा आमची कडेची जमीन गेली, त्याचे आले होते, तसेच पडून होते. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला आमच्याकडनं काही नको. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, आई, आबांना गुडघ्यानं जिना चढवत नाही, ते क्लच कसा दाबणार, की तू दाबणार आहेस खाली बसून. मग म्हणाला, घेऊ द्या हौसेला, तुळशीवृंदावनाशेजारी उभी करा, रोज पाणी घाला. मी पण हसले. पण मला हसू येत नव्हतं.

मला ती जीप दारात नको होती. त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे मला तसं वाटत होतं.

आमची मोठी मुलगी नऊ वर्षांची असताना गेली. ह्याला तेहतीस वर्षं झाली. खंडेनवमीचा दिवस होता. सकाळपासून घरोघर अवजारं धुवायचं चाललेलं, विळे, कोयते, पाभर, सगळं ओळीनं मांडून हळदीकुंकू. दुपारी ती उद्याच्या दसऱ्यासाठी आपट्याची पानं आणायला बांधावर गेली आणि पान लागून आली. आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ती चालत आली होती, हातात पानाचा डहाळा तसाच. मला म्हणाली, आई, पायाला काही तरी झालं. घोट्याच्या वर दोन ठिपके होते. मी लुगड्याची किनार फाडून पाय बांधला आणि ह्यांना म्हटलं, पळा, पाटलांची जीप आणा.

पाटोद्याच्या दवाखान्यात त्याचं इंजेक्शन असायचं. पाटोदा इथनं बारा किलोमीटर. एसटी सकाळीच येऊन गेलेली, गावात एक फटफटी होती ती बीडला गेलेली. जीप तेवढी होती, पाटलांच्या दारात उभी.

हे परत आले ते जीप न घेता. बैलं सोडून आणली होती, गाडीला जुंपायला लागले. मी ओरडले, जीप कुठंय. ह्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, पाटलानं न्हाई दिली का. ह्यांनी मान वर केली नाही. मला काय कळायचं ते कळलं. पाटलांच्या घरचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: नवमीला जीप पुजली की दुसऱ्या दिवशी पाटील शिलंगणाला शीव ओलांडेपर्यंत तिचं चाक हलवायचं नाही. म्हणून नाही दिली, असं मी धरलं.

बैलगाडी घाट उतरली, नदीतनं गेली, पलीकडचा चढ लागला. चढावर ती गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. मला शेवटचं विचारलं ते, आई, उजेड कामून कमी झाला. दुपारचे चार वाजले असतील. ऊन लख्ख होतं.

त्यानंतर पाटलांच्या दारात मी पाय ठेवला नाही. हे चाकरीला जात राहिले, पोट होतं, धाकटा पोरगा होता, त्यावर मी कधी बोलले नाही. पण मी गेले नाही. संक्रांतीला वाण द्यायला नाही, लग्नात नाही, पाटील वारले तेव्हा सगळं गाव गेलं, मी गेले नाही. बायकांत बसले की बोलायची. चार माणसांत त्या घराला वाईट म्हणायची मला सवयच लागली होती. पाटलांच्या सुनेला मूल राहत नव्हतं तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. मला अक्षरं माझ्या त्या गेलेल्या पोरीनंच शिकवली होती, पाटीवर, शाळेतनं आली की. त्या अक्षरांनी मी तसलं लिहिणार नाही.

तर असं होतं. आणि आता हे म्हणत होते, जीप घेऊ.

मी दोन दिवस तोंड फिरवून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बघून तर या, बघायला काय जातंय. मला वाटलं, सांगाडा बघतील आणि गप बसतील. पण हे म्हणाले, तू पण चल. पाटोद्याहून मिस्त्री येतोय, चारचौघांसमोर तुझं म्हणणं पण होऊ दे. मी का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. तेहतीस वर्षांत एकदा तरी त्या दारात उभं राहून बघावं, आतनं काय वाटतं, असंही असेल.

गोठ्यात मिस्त्रीनं ताडपत्री ओढली तशी आतनं एक कोंबडी फडफडत निघाली. मागच्या बाकावर तिची अंडी होती. मिस्त्री तरणा माणूस, बोलका. खाली घुसला, हातोडीनं ठोकत सांगत होता. चासी चांगली आहे, मिलिट्रीचा माल. पण तळाचा पत्रा पार गेला आहे, पाय ठेवला की जमीन लागेल. पाटे मोडलेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, हूड नावाला. मग पुढनं हँडल घातलं आणि फिरवायला गेला, हँडल जागचं हललं नाही. इंजिन जाम. प्लगच्या भोकांतनं डिझेल सोडून आठ-पंधरा दिवस भिजत ठेवावं लागेल, मग सुटलं तर सुटलं, नाहीतर खोलायचं, आणि ह्याचे पार्ट आता भंगारात हुडकावे लागतात. हात पुसत पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, "काकू, ही गाडी न्हाई बरं का. ही हौस हाय. हौसंला आमी काय भाव सांगावा."

ह्यांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. हे डाव्या बाजूनं चढून बसले होते, स्टेअरिंगवर हात ठेवून. आणि मिस्त्रीला एकच गोष्ट परत परत विचारत होते: पहिल्यासारखी पळेल का? चढाला पहिल्यासारखी ओढेल का? मिस्त्री म्हणाला, काका, तुम्हाला वरातीत हळू चालवायची का शर्यतीत? ह्यांनी परत तेच विचारलं.

मला तिथं उभं राहवेना. मी अंगणात आले, तर पाटलीणबाईंनी ओट्यावर चहा आणलेला. त्या आता वाकल्या आहेत, काठी लागते. मला बस म्हणाल्या. मी बसले. तेहतीस वर्षांनी त्या बाईच्या समोर बसले आणि बघते तर ती माझ्यापेक्षा म्हातारी झालेली.

त्या साधं बोलत होत्या. गोठा मोकळा करायचाय, मुलगा म्हणतो बीडला चला, डायवरनं गाडी घेतली तर बरं वाटेल, घरच्या घरी राहिल्यासारखी. चहा माझ्या हातात होता. मी बोलून गेले, "त्या दिवशी दिली आसती तर आज इकत घ्यायची गरज न्हवती."

त्यांनी विचारलं, "कवाच्या दिवशी?"

"तुमाला ठाव हाय, बाई."

"पोरीच्या दिवशी?" त्यांनी काठी बाजूला ठेवली. "अगं, कोणी न्हाई दिली? पाटील तर त्या दिवशी घरी न्हवते, लिंबागणेशला गेलते दर्शनाला. घरात मी आन सासूबाई."

मी म्हटलं, मग तुम्ही नाही दिली असेल.

"मला कोणी मागितली?" त्यांचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "मी हितंच वसरीवर होते. डायवर पळत आला आन जीपपाशी उभा ऱ्हायला. मी इचारलं, डायवर, काय पायजे का. तो म्हणला, काय न्हाई बाई, चाकाखालची लिंबं नीट हायत का बघतो. आन गेला. पोरीचं आमाला सांजच्याला कळलं. सासूबाई म्हणल्या, मेल्यानं तोंड उघडलं आसतं तर मी सोता ढकलली आसती गाडी."

मग त्या म्हणाल्या, तू माझ्या दारात का येत नाहीस हे मी कधी कोणाला विचारलं नाही, लेक गेलेली बाई, तिला काय विचारायचं. मला वाटायचं, हिला आमच्या पोरांकडं बघवत नसेल.

चहा मी पूर्ण प्यायले. तो टाकून उठणं मला जमलं नाही.

घरी येताना हे पुढं, मी मागं, आमचं नेहमीचं चालणं. ह्यांचं तोंड चाललेलं, मिस्त्री म्हणतो त्यापेक्षा इंजिन चांगलं आहे, बीडच्या भंगारात अमुक मिळतं. विहिरीपर्यंत मी ऐकलं. मग म्हटलं, "तुमी जीप मागितलीच न्हवती."

हे थांबले. मागं वळले नाहीत. मला वाटलं, नाही म्हणतील, भांडतील, पाटलीण खोटं बोलते म्हणतील. मी त्याची वाट बघत होते, खरं सांगते. तसं म्हणाले असते तर मी मानलं असतं. पण हे बांधावर बसले आणि हळूहळू बोलायला लागले, खाली बघत.

जीप त्या दिवशी सकाळी ह्यांनीच धुतली होती. झेंडूची माळ ह्यांनीच घातली, बॉनेटवर स्वस्तिक पाटलीणबाईंनी काढलं, चाकाखाली लिंबं ह्यांनी ठेवली. पाटील तेव्हा इलेक्शनला उभे राहणार होते. शिलंगण करून त्याच जीपमधून फॉर्म भरायला जायचं ठरलेलं. आदल्या वर्षी कोणाचा तरी ट्रॅक्टर नवमीला पुजून हलवला आणि नाल्यात गेला, दोन माणसं मेली, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. हे पळत गेले, जीपपाशी उभे राहिले. किल्ली खिशातच होती.

"लिंबावरनं चाक न्यायचं झालं न्हाई माझ्यानं," हे म्हणाले. "मला वाटलं, पाटलाला कायतरी हुईल. न्हाईतर रस्त्यात पोरीलाच हुईल. पुजलेलं चाक हलवून न्यायची आन तिला त्याच्यातच घालायची."

"आन बैलगाडी?"

"आपली गाडी आजून पुजायची ऱ्हायलीती."

आपली गाडी पुजायची राहिली होती. मीच म्हटलं होतं सकाळी, आधी स्वैपाक होऊ द्या, गाडीची पूजा दुपारून करू. ती पण पुजलेली असती तर ह्यांना एक पुजलेलं चाक हलवावंच लागलं असतं, मग जीपचंच.

"मी पाटलाचं नाव घेतलं तवा तुमी गप ऱ्हायला."

"तू घेतलंस म्हणून गप ऱ्हायलो. तुझ्या नजरंत तेवढं तरी ऱ्हावं म्हणलं."

विहिरीवर मोटार चालू होती, पाणी पाटातनं जात होतं. मग मी विचारलं ते फोन आल्यापासून मनात होतं तेच, की मग ती दारात कशाला पाहिजे. स्वतःला रोज दाखवायला?

ह्यांनी मान हलवली. "एकदा चालू करायची. त्याच टायमाला, दुपारची, आपल्या दारातनं पाटोद्याच्या दवाखान्यापतूर न्यायची. आन बघायचं, किती येळ लागतो." मग म्हणाले, "मी हिशोब लई केला. गाडीवर बसलो की करायचो, ती बंद पडस्तवर. घाटात कधी एक उत्तर येतं, कधी दुसरं. कधी पोचती, कधी न्हाई पोचत."

आता मला कळलं, मिस्त्रीला हे कशासाठी विचारत होते, पहिल्यासारखी पळेल का म्हणून.

त्यानंतरचे चार दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. मी भाकरी वाढायची, हे खायचे. राग आला का, म्हणाल तर आला, पण तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. तेहतीस वर्षं मी तो दुसऱ्याच घरात ठेवला होता. पाटलांच्या सुनेचं आठवलं की माझं मलाच तोंड लपवावं वाटायचं. आणि ह्यांच्याकडं बघितलं तर पाठीला पोक आलेला म्हातारा माणूस, शेळीला पाला घालतोय. मला वाटायचं, ह्या माणसानं माझी लेक लिंबांसाठी घालवली. आणि लगेच वाटायचं, तेव्हा मी त्या जीपपाशी गेले असते, तर मी तरी चाक हलवलं असतं का? आज मी म्हणते हलवलं असतं. आज काय, आज कोणीही म्हणेल.

एकदा मनात आलं, घेऊ द्यावी. करू दे चालू. एकदाचं कळू दे. पोचत नव्हती असं निघालं तर हा माणूस सुटेल, मी पण सुटेन. सकाळी दळण दळताना हे डोक्यात आलं आणि दळण संपेपर्यंत मला ते पटलं होतं. मग पीठ भरताना दुसरं आलं. पोचत होती असं निघालं तर? मग काय करायचं, दवाखान्याच्या दारात जीप उभी करून, आम्ही दोघं म्हातारी?

आठव्या दिवशी सकाळी मिस्त्रीचा फोन आला, काका काय ठरलं, पुण्याचा टेंपो उद्या निघतोय. हे माझ्याकडं बघायला लागले. मी फोन खाली ठेवायला लावला.

म्हटलं, "त्या रस्त्यावर तुमी आता काय मोजणार? घाट फोडला. नदीवर पूल झाला. समदा शिमिटाचा रस्ता, आपलीच जमीन त्याच्यात गेली. तवा दगड हुते, पाणी हुतं. तो रस्ता न्हाई ऱ्हायला."

"थोडं जास्त धरायचं. इचार करून धरायचं."

"किती धरणार? दहा मिनटं? वीस?" मी म्हटलं. "तुमी तुमाला पायजे तेवढं धरणार. एक दिवस सुटका हुईल इतकं, दुसऱ्या दिवशी मरावं वाटंल इतकं. हे तुमचं तेहतीस वर्षं चाललंच हाय, त्याला जीप कशाला लागती?"

हे म्हणाले, "म्हणजे कळणार न्हाई."

"न्हाई कळणार."

"तुला बी?"

"मला बी."

ह्यांनी माझ्यासमोरच धाकट्या पाटलांना फोन लावला. म्हणाले, साहेब, गुडघ्याचं जमत नाही, तुम्ही देऊन टाका. पलीकडनं ते काही चांगलंच बोलले असतील, हे हो हो म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी टेंपो आला तेव्हा मी पाटलीणबाईंकडं गेले होते. काय बोलायला गेले ते निम्मंच बोलता आलं. सुनेविषयीचं राहिलंच. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि चार माणसं जीप फळ्यांवरून वर ओढत होती तिकडं बघत राहिल्या. हे त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत.

दोन महिने झाले. हे बोलतात, जेवतात, पूर्वीपेक्षा थोडं जास्तच बोलतात. मी मात्र बिघडले. बीपीच्या गोळ्यांना मला महिन्यातनं एकदा पाटोद्याला जावं लागतं, वडापच्या गाडीनं. पहिल्यांदा गेले तर घाटात माझा हात आपोआप पिशवीत गेला, मोबाईल काढून टाइम बघायला. काढला नाही. तेव्हापासून मी गाडीत बसले की डोळे मिटून घेते, ते थेट स्टँडवर उतरेपर्यंत. शेजारच्या बाया विचारतात, मळमळतंय का, खिडकीपाशी बसता का. मी म्हणते, हो, मळमळतंय.